पुण्याचं पंचांग, उज्जैनचा चंद्र

होळीच्या तोंडावर चंद्रग्रहण आलं आणि उज्जैनच्या नानाखेड्यातल्या घरात मधुराला कैद झाली. गुन्हा एवढाच की तिला सहावा महिना होता. कॉलेजात ती भौतिकशास्त्र शिकवते. ग्रहण फळ्यावर काढून काढून खडू झिजले, आणि आज आकाशात खरं लागणार तर सासूबाईंचा, अलकाताईंचा हुकूम: सुरी नको, सुई नको, खिडकीपाशी तर फिरकायचंच नाही.

नवरा विक्रांत बँकेत मॅनेजर, घरात चपराशी. तो पुटपुटला, "जाने दे ना यार, एका संध्याकाळचा तर प्रश्न आहे."

मधुराने भांडण सोडलं आणि पंचांग उचललं.

"आई, हे कुठलं?"

"पुण्याचं. आपल्याकडे पहिल्यापासून तिथूनच येतं. इथल्यांवर माझा भरोसा नाही."

"मग यातला चंद्रोदयही पुण्याचा. आज चंद्र ग्रहण घेऊनच उगवणार, थोड्याच वेळात सुटणार, आणि इथे तो पुण्याच्या आधी उगवतो. तुम्ही माळ हातात घ्याल तोवर अर्धा पुण्यकाळ गेलेला असेल."

अलकाताईंचं तोंड एवढंसं झालं.

"जुने ज्योतिषी अख्ख्या देशाचं गणित उज्जैनच्या रेषेवरून मांडायचे. आणि तुम्ही उज्जैनात बसून पुण्याहून वेळ मागवता? कमाल है!"

"शहाणी आहेस. राहू काय तुला विचारून गिळतो?"

"गिळू दे की. पण केव्हा गिळतो हे कुणीतरी उघड्या डोळ्यांनी पाहिलं, म्हणून पंचांगात आलं ना? सगळेच दारं लावून बसले असते तर?"

विज्ञान काही फार थोर हेतूने जन्मलं नाही, कुणी कितीही भाषणं ठोकोत. स्नानाची घटका चुकली तर पुण्य बुडेल, या धास्तीने माणसं आकाशाला डोळे लावून बसली. देवाला भ्यायली आणि गणितात पक्की झाली. अलकाताई त्याच जातकुळीच्या.

त्या उठल्या. "चल छतावर. वेळ मी बघते. तू माझ्या पाठीमागे. डोकं बाहेर काढलंस तर याद राख!"

समोरच्या घरांमागून चंद्र वर आला. फिकट, एका कडेने कुरतडलेला. अलकाताईंच्या हातातली माळ तशीच लोंबत राहिली.

"अगंबाई! सही में उंदराने खाल्ल्यासारखा दिसतोय!" त्यांनी मागे हात घालून सुनेला पुढे ओढलं. "बघ, बघ ना! उभी काय राहिलीस?"

मग एकदम भानावर येऊन म्हणाल्या, "पोटावर ओढणी घे आधी."