उशिरा उघडलेली बाटली

मित्रांनो, केदारखेड्याच्या एका बांधावर पडलेली मी एक जुनी, रिकामी बाटली आहे. माझ्यात समुद्री शेवाळाचा अर्क होता.

दूर दक्षिणेच्या किनाऱ्यावर बायकांनी कमरेइतक्या पाण्यात उभे राहून ते शेवाळ काढले. कारखान्यात ते धुऊन, दळून त्याचा तपकिरी रस माझ्यात भरला. हा रस पिकाला पाणी देत नाही. पण पाण्याचा ताण पडण्याआधी पानांवर फवारला, तर पीक कोरड जरा अधिक सोसते. एवढेच माझे काम. ते माझ्या पाठीवर मुंगीएवढ्या अक्षरांत लिहिले आहे. पोटावर मात्र ठसठशीत हिरव्या अक्षरांत एकच शब्द आहे : टॉनिक.

मच्छिंद्रभाऊंनी मला राजूरच्या दुकानातून शेतातल्या घरी आणले. चष्म्याशिवाय त्यांना तेवढाच शब्द वाचता आला. त्यांच्या पत्नी चतुराबाईंनी मला फळीवर ठेवले.

"टॉनिक धडधाकटाला कशाला पाजायचं? जवारी आजारी पडली की देऊ."

"बराबर. तुला बाळंतपणात दिल्तं, तसं."

"दिल्तं म्हणे! अर्धं तर तुम्हीच पेल्ते."

दोघेही हसले. दारातून मला ज्वारी दिसे, गुडघ्याएवढी, हिरवीगार. तिला माझी गरज तेव्हाच होती. पुढे विहिरीने तळ गाठला. पाने दुपारी सुरळी होत आणि संध्याकाळी उलगडत. मग ती संध्याकाळीही उलगडेनात. तेव्हा कुठे माझे झाकण उघडले.

मच्छिंद्रभाऊंनी मन लावून फवारणी केली. चतुराबाई रोज सकाळी पाने चाचपून पाहत. पण कणसे पोटरीतच, म्हणजे शेंड्याच्या पानाच्या वेढ्यातच अडकली; दाणा भरलाच नाही. घराची वर्षाची भाकरी त्या रानातून यायची होती.

शेजारच्या बेबीनंदा शाळेत शिकवतात. त्यांनी मला बांधावरून उचलले आणि माझी पाठ वाचली.

"मावशी, हे औषध पीक हिरवं असतानीच मारायचं होतं."

चतुराबाईंनी मला हातात घेऊन उलटसुलट पाहिले.

"मंग औषध चांगलंच होतं म्हणायचं. म्याच उशीर केला. बाटलीचा काय दोष?"

मित्रांनो, त्यांनी मला शिव्या घातल्या असत्या तर बरे वाटले असते. पोटावरचा तो शब्द कुठे लपवू, हे मला कळेना. त्या शब्दामुळेच त्या थांबल्या होत्या, आणि दोष त्यांनी स्वतःकडे घेतला.

आता त्या घरात ज्वारी विकत येते. तुम्हाला वाचता येते, म्हणून सांगते. घरात औषधाची बाटली आली, की त्याच दिवशी तिची पाठ मोठ्याने वाचून दाखवा. आम्हाला तोंड असते, पण बोलता येत नाही.