होडीचं इंजिन

वेसाव्याच्या चंदू कोळ्याच्या जुन्या पिकअपचं इंजिन गचकलं. भंगारबाजारात महिनाभर पाय झिजवूनही त्या मापाचं दुसरं मिळेना. शेवटी मिळालं ते स्वतःच्याच होडीत. तिलाही कधीकाळी पिकअपचंच इंजिन लावलेलं होतं. पावसाळ्याची मासेमारीबंदी होती, होडी वाळूवर आराम करत होती, म्हणून चंदूनं ते काढून गाडीत बसवलं. गाडी झकास पळाली.

मग बंदी उठली. बायको कमळ म्हणाली, "अवो, इंजिन होडीत घाला आता."

"मग मासळी बाजारात कशी नेशील?"

"बरं, राहू दे गाडीत."

"मग नेशील काय?"

चंदू गाडीत चढला, इंजिन चालू केलं आणि तिथंच बसून राहिला.

"डिझेल फुकट जळतंय ना!" कमळ ओरडली.

"जळू दे. ना होडी बाहेर पडते, ना मासळी; धूर तरी बाहेर पडतोय."