एका खिशातली दोन काडतुसं

"हे काय आहे?"

लव्हॉनने नवऱ्याच्या, धुवायला काढलेल्या नारिंगी शिकारी जाकिटाचा खिसा जेवणाच्या टेबलावरच उलटा केला. दोन काडतुसं घरंगळत बटाट्यांच्या भांड्यापाशी थांबली. एक लांब, एक आखूड.

ऑर्व हाउगनने काटा खाली ठेवला. शाळेच्या बसगाड्या दुरुस्त करण्यात त्याची हयात गेली होती. खोटं बोलणं जमत नसल्यामुळे अडचणीत तो सरळ गप्प बसायचा. समोर मेहुणा डेल्मर होता. दर रविवारी तो बहिणीकडे, लव्हॉनकडे, जेवायला येई. त्याचा उजवा डोळा काचेचा होता.

खरा डोळा ऑर्वच्या खिशापायी गेला होता. तरुणपणी शिकारीच्या तळावर डेल्मरने घाईत काडतूस मागितलं, ऑर्वने खिशात हात घालून दिलं. ते दुसऱ्याच बंदुकीचं निघालं आणि डेल्मरची बंदूक त्याच्या तोंडावर फुटली. त्या हिवाळ्यात ऑर्वने सगळ्या बंदुका विकल्या. वडिलांची थर्टी-ऑट-सिक्स ही जुनी, दणकट रायफल तेवढी ठेवली. घरात काडतूस एकाच जातीचं, हा नियम लव्हॉनने घातला आणि ऑर्वने तो इमानाने पाळला. शिकारीच्या मोसमाआधी तो दुकानात जाऊन नव्या बंदुका नुसत्या हाताळून परत येई. "बघ की, बघायला काही बायको नाही म्हणत नाही," असं म्हणून दुकानदार चिडवायचा.

यंदा मात्र खांद्याचं ऑपरेशन झालं होतं. जुन्या बंदुकीचा खांद्याला बसणारा दणका आता झेपणार नव्हता. त्यात इतकी वर्षं अर्ज केल्यावर एल्क हरणाच्या शिकारीचा परवाना सोडतीत नेमका याच वर्षी लागला. पुढच्या वर्षी हात वर होईल की नाही, कुणी सांगावं? त्याने हलक्या दणक्याची नवी बंदूक घेतली आणि हेच जाकीट घालून गावाबाहेरच्या बंद दगडखाणीत जाऊन चालवून पाहिली. खिशात जुन्या बंदुकीचं गेल्या वर्षीचं काडतूस राहिलंय, हे त्याच्या ध्यानातच आलं नाही.

"कुठे आहे ती?" लव्हॉनने विचारलं.

"गाडीत. सीटमागे."

"मला सांगायला काय झालं होतं?"

"तू नाही म्हणाली असतीस."

"म्हणालेच असते. परत एकाच खिशात, ऑर्व. एकाच खिशात!"

डेल्मर टेबलावरच्या काडतुसांकडे बघत होता. त्याने चार शिव्या घातल्या असत्या तर ऑर्वला बरं वाटलं असतं.

ऑर्व उठला. भिंतीवरची वडिलांची बंदूक त्याने दुखऱ्या हाताने उतरवली, मागची कडी ओढून गोळीचं घर उघडलं, आत पाहिलं आणि ती डेल्मरपुढे धरली.

"ही तू घेऊन जा. दोन्ही एका घरात नकोत."

"तुझ्या बापाची आहे ती."

"माहीत आहे मला."

डोळा गेला त्या दिवसानंतर डेल्मरने बंदुकीला हात लावला नव्हता. त्याने रुमालाला बोटं पुसली आणि बंदूक घेतली. तिकडच्या शिकाऱ्यांत रिवाजच आहे, घेणाऱ्याने स्वतः तपासायचं, देणाऱ्याच्या शब्दावर जायचं नाही. आत काही नाही हे तिघांनाही दिसत होतं. तरी डेल्मरने गोळीच्या घरात करंगळी घातली आणि सावकाश, सगळीकडून चाचपून पाहिलं.

"रिकामी आहे," तो म्हणाला.

ऑर्वने मान हलवली. बंदूक देऊन झाली तरी त्याचे हात अजून तसेच पुढे होते.