हातपंपवाल्या ट्राओरेंचं मुखपृष्ठ

मित्रांनो, तुम्ही मला बोटाने वर सरकवता तेव्हा मला गुदगुल्या होत नाहीत. हे आधीच सांगितलेलं बरं, कारण पुढची हकिगत गंभीर आहे. मालीतल्या सान गावच्या जिगी ट्राओरे यांच्या हातपंप दुरुस्तीच्या वेबसाइटचं मी मुखपृष्ठ आहे. वय वर्षं चार. आमच्यात याला म्हातारपण म्हणतात.

माझा जन्म असितान जारा या मुलीच्या हातून झाला. आमच्याकडे ट्राओरे आणि जारा या आडनावांत पिढ्यानपिढ्या थट्टेचं नातं आहे. एकमेकांना चवळीखाऊ म्हणावं, वाट्टेल ते बोलावं, राग मात्र मानायचा नाही.

"ओ चवळीखाऊ," असितान म्हणाली, "फोन नंबर सगळ्यात वर टाका. खाली कुठले पंप दुरुस्त करता आणि किती दिवसांत येता, एवढंच. बाकीचं मग."

"बघा जारांची अक्कल! दारात आलेल्या माणसाच्या तोंडावर नंबर फेकायचा? लिही पोरी. घरचे बरे आहेत ना? मुलं बरी? गुरं बरी?"

"मी थट्टा करत नाहीये."

"जारा थट्टा करत नाही म्हणे! अगं, ही तर सगळ्यात भारी थट्टा!" असं म्हणून जिगी खुर्चीवरून पडेपर्यंत हसले.

अशा रीतीने माझ्या कपाळी सतरा विचारपुशी आल्या. त्यांच्याखाली जिगींच्या तीन चुलत्यांचे फोटो, एकेक बैलाएवढा जड. नंबर अगदी तळाशी. गावात माझं फार कौतुक झालं. इमामसाहेबांनी मला दोनदा वाचलं आणि प्रत्येक प्रश्नाला मोठ्याने उत्तर दिलं. फोन मात्र कुणाचाच आला नाही. जिगींना वाटलं, हल्ली पंप टिकाऊ निघतात.

मग एका उन्हाळ्यात कादिया देंबेले या शिक्षिकेने मला उघडलं. तिच्या गावचा एकुलता एक पंप बंद पडला होता. रेंजसाठी ती शाळेच्या छपरावर चढली होती आणि फोनमध्ये डेटा थोडासाच उरला होता. मी तिला घरच्यांची खुशाली विचारली. मुलांची विचारली. गुरांची विचारली. दुसऱ्या चुलत्यांच्या मिशा दिसू लागल्या आणि डेटा संपला. मी तिच्या हातातच पांढरं पडलं.

अकरा दिवसांनी विचारत विचारत ती गाढवाच्या गाडीतून दुकानात आली. जिगी उठून उभे राहिले.

"या बाई, या. घरचे बरे? मुलं बरी?"

"नाहीत."

आमच्याकडे या प्रश्नाला असं उत्तर कुणी देत नाही. अंथरुणाला खिळलेला माणूसही 'बरं आहे' म्हणतो.

"अकरा दिवस गाव डबक्याचं पाणी पितंय," कादिया म्हणाली. "माझ्या वर्गातली नियेले सलाईनवर आहे. नऊ वर्षांची आहे हो. मी तुमचा नंबर शोधत होते."

जिगी त्याच गाडीत बसून गेले. पंपाचा चामडी वायसर झिजला होता. अर्ध्या तासाचं काम.

परत आल्यावर त्यांनी असितानला बोलावलं.

"वरचं सगळं काढ."

"चुलतेसुद्धा?"

"चुलतेसुद्धा."

टोमणा मारण्याचा तिला जन्मसिद्ध हक्क होता. तिने तो वापरला नाही.

नियेले वाचली. पण पुढचे दोन महिने तिला शाळेपर्यंत चालवत नव्हतं. कादिया तिला पाठीवर घेऊन यायची.

मित्रांनो, मला सजवा, माझी हरकत नाही. पण मला उघडणारा माणूस रिकामी घागर घेऊन उभा असेल, हे धरून चाला. आणि नंबर बदललात, तर आधी मला सांगा. लोक माझं खरं मानतात.

जिगी आता रोज सकाळी शेजाऱ्याच्या फोनवर मला उघडतात, वरचा नंबर दाबतात आणि आपल्याच खिशात वाजतो का ते बघतात. वाजला की उचलतात. "बोला," म्हणतात, "गाव कुठलं?"