प्लास्टरमधला पासवर्ड

देवळीच्या तहसील कचेरीसमोर लहानूजींचं टायपिंगचं दुकान आहे. दिवाळीआधी, रस्त्यावर वाळत घातलेल्या सोयाबीनवरून त्यांची गाडी घसरली आणि उजवा हात प्लास्टरमध्ये गेला. तेव्हापासून शटर बंद होतं. आज ते उघडलं, कारण वासुदेवराव आणि त्यांचा धाकटा भाऊ नत्थू एकदाचे शेताच्या वाटणीला राजी झाले होते.

वाटणीपत्राचा मसुदा लहानूजींनी अपघाताआधीच कॉम्प्युटरात तयार करून ठेवला होता. विहिरीच्या पाण्याची पाळी कशी, धुऱ्यावरच्या, म्हणजे बांधावरच्या बाभळी कोणाच्या, एकेका ओळीवर दोघे भाऊ भांडले होते. पुन्हा लिहायला बसलं तर पुन्हा भांडतील, हे सगळ्यांनाच ठाऊक होतं. वासुदेवराव लहानूजींना बाजूला घेऊन म्हणाले, "आजच उरकून टाका. आज त्याचं डोस्कं ठिकाणावर आहे. उद्याचं मी सांगत नाई."

प्रिंट काढायला लहानूजींची सून मेघा सोबत आली होती. सदऱ्याची बटणंसुद्धा बायको सुलोचनाबाई लावून देत असल्यामुळे त्याही आल्या होत्या. मेघाने कॉम्प्युटर सुरू केला. पडद्यावर पासवर्डची रिकामी चौकट आली.

"बाबा, पासवर्ड सांगा."

लहानूजींनी सुलोचनाबाईंकडे ओझरतं पाहिलं. मग म्हणाले, "विसरलो."

"रोज दुकान उघडता अन् किल्लीच विसरता?" नत्थू हसला. "हात मोडला का डोस्कं फुटलं?"

लहानूजी विसरले नव्हते. पासवर्ड बायकोचं नाव होतं. लग्न झाल्यापासून ते नाव त्यांनी कधी तोंडाने उच्चारलं नव्हतं. आधी नुसतं "अवं" म्हणायचे, मुलगा झाल्यावर "रत्नदीपची माय". त्यांच्या पिढीत ते चालून जायचं. कॉम्प्युटर नवा आला तेव्हा दुरुस्तीवाला म्हणाला, "काहीतरी टाका, मी पाहत नाही," आणि त्याने तोंड फिरवलं. बोटांनी आपसूक ते नाव टाकलं. बोटांचं कोणाला ऐकू येत नाही.

मेघाने दुरुस्तीवाल्याला फोन लावला. तो वर्ध्याला होता. "उघडून देतो, पण उद्या संध्याकाळी," म्हणाला.

नत्थूने चपला पायात सरकवल्या. "बरं झालं. तशी मले ती पाण्याची पाळी पटलीच नव्हती."

वासुदेवरावांनी लहानूजींकडे पाहिलं. त्या पाहण्यात सगळं होतं.

लहानूजींनी नजर भिंतीवरच्या कॅलेंडरकडे वळवली. "सुलोचना," ते म्हणाले.

"काय जी?" बाई चटकन बोलून गेल्या. मग त्यांच्या लक्षात आलं आणि त्या दुसरीकडे पाहू लागल्या.

"असं होय!" नत्थू पुन्हा बाकावर बसला. "म्हणून विसरले होते!"

मेघाने इंग्रजी अक्षरांत नाव टाकलं. चूक. पहिलं अक्षर मोठं करून टाकलं. तरी चूक.

"तसं नाई, बाई," लहानूजी म्हणाले. "मराठी दाबतो तसं दाबलं होतं."

तरुणपणी ते जुन्या टाइपरायटरवर मराठी शिकले होते. कॉम्प्युटरवर बटणं इंग्रजी आली, पण बोटं त्याच जुन्या जागी पडत राहिली. पासवर्डही तसाच पडला. चौकटीत नुसते ठिपके उमटत होते. खाली कोणती इंग्रजी अक्षरं गेली, ते त्यांनी कधी पाहिलंच नव्हतं.

"मग 'स' कोणत्या बटणावर आहे?"

"मले काय माहीत? मी बटणाकडं कधी पायलं? उजव्या करंगळीच्या बाजूचं बोट जाते तिथं."

मेघाने फोनवर तक्ता शोधला. दोन सापडले, पण ते एकमेकांशी जुळेनात. तिसऱ्यांदा चुकवायची तिची हिंमत होईना.

प्लास्टरच्या टोकाशी बोटं मोकळी होती. सुजलेली होती, पण हलत होती. हात मात्र जड, तो कीबोर्डवर अधांतरी धरवेना. सुलोचनाबाई उठल्या. त्यांनी गळ्यातली पट्टी सोडली, प्लास्टर दोन्ही हातांवर तोललं आणि कीबोर्डवर आणलं.

"जरा खाली. उजवीकडं. आता हलवू नको."

"मी कुठी हलवून राह्यली? तुमचाच हात सरकते."

लहानूजींनी डोळे मिटले. डाव्या हाताची अक्षरं डाव्याने दाबली, उजव्याची त्या सुजलेल्या बोटांनी. एक बोट घसरलं. त्यांनी सगळं पुसायला लावलं आणि पुन्हा सुरुवात केली. नत्थू बाकावरून पुढे वाकला.

कॉम्प्युटर उघडला.

मेघाने मुद्रांकावर वाटणीपत्र छापलं आणि मोठ्याने वाचून दाखवलं. बाभळींच्या ओळीवर नत्थूने हात वर केला.

"घे तुले बाभळी," वासुदेवराव म्हणाले. "सगळ्या घे. पण सही कर."

नत्थू त्यांच्याकडे पाहत राहिला. "सगळ्या कायले? ठरलं तसं राहू द्या," म्हणाला आणि त्याने सही केली. त्याच्याखाली वासुदेवरावांनी केली.

साक्षीदार दोन हवे होते. एक मेघा झाली. दुसरा शोधायला वासुदेवराव बाहेर निघाले, तर नत्थूने त्यांना थांबवलं. "बाहेर काऊन जाता? वहिनी आहेत ना."

सुलोचनाबाईंनी प्लास्टरचा हात हळूच लहानूजींच्या मांडीवर ठेवला, पदराला बोटं पुसली आणि पेन घेतलं.