अकरावं पान आणि शुक्रवार

मी हेपवर्थांच्या गृहकर्जाचा करारनामा बोलतोय. चौदा पानांचा आहे, आणि रागात आहे.

बँकेच्या यंत्रातून गरमागरम बाहेर पडलो तेव्हा माझा केवढा थाट होता. हडर्सफील्ड शहरातल्या घरी क्लाइव्ह आणि हेझल या नवराबायकोने शेवटच्या पानावर सह्या ठोकल्या. मधली पानं कुणी उघडलीसुद्धा नाहीत. मग मला स्वयंपाकघरातल्या खणात कोंबलं, पिझ्झावाल्याच्या पत्रकांखाली. जवळजवळ पाच वर्षं मी संपलेल्या बॅटऱ्यांच्या संगतीत काढली.

माझ्या अकराव्या पानावर बारीक अक्षरांत लिहिलंय, की ठरलेल्या व्याजदराची पाच वर्षं संपायच्या आत कर्ज फेडलं, तर उरलेल्या रकमेवर दोन टक्के दंड. बुडवणाऱ्याला नव्हे, फेडणाऱ्याला! हे माझ्याच अंगावर छापलंय याची मला लाज वाटते.

यंदा त्यांनी घर विकायला काढलं. हेझलची आई एनिड ब्याऐंशीची, तिला जिना चढवेना. फाइली नावाच्या गावात समुद्राकाठी एक बैठं, स्वस्त घर मिळालं. कर्ज फिटून, ते घर घेऊन वर तीन हजार पौंड उरणार होते, ते न्हाणीघरासाठी. तिथला उंच टब काढून बसून आंघोळ करायची सोय करायची होती. म्हातारीचं एकच मागणं होतं, "मरेपर्यंत माझी आंघोळ माझी मला करू दे."

ताबा द्यायचा ठरला शुक्रवारी. इथे सगळे शुक्रवारीच घर बदलतात, का ते कुणी विचारत नाही. माझी ती पाच वर्षांची मुदत संपत होती त्याच्या पुढच्या सोमवारी.

विक्रीच्या पक्क्या सह्या व्हायच्या आधी वकीलबाईंचा हिशेब आला. दंड दोन हजार नऊशे चाळीस पौंड. हेझलने खण उपसला आणि अकरावं पान उभ्या उभ्या वाचलं. मला आयुष्यात मिळालेली ती पहिली वाचक.

"क्लाइव्ह, चार दिवसांचा तर प्रश्न आहे. घेणाऱ्यांना मंगळवार जमतो का विचार."

"अगं, त्यांनी टेम्पो ठरवला असेल. बरं दिसतं का ते?"

"आणि आईला मी धरून आंघोळ घालणं बरं दिसेल?"

क्लाइव्हने फोन लावला. घर घेणाऱ्या रोरीशी तो दहा मिनिटं हवापाण्यावर बोलला, बॉयलरच्या खडखडाटावर बोलला. मग म्हणाला, "शुक्रवार जमतोय ना तुम्हाला?" पलीकडून हो आलं. "छान, छान," म्हणून त्याने फोन ठेवला. मंगळवार त्याच्या तोंडातून निघालाच नाही. हेझलने मला टेबलावर आपटलं, आणि तिचं बरोबरच होतं.

शुक्रवारी दारात किल्ल्या घेताना रोरी म्हणाला, "खरं सांगू? आम्हाला मंगळवारच बरा होता. आज बिनपगारी रजा पडली. पण तुमचं शुक्रवारचं ठरलेलं दिसलं, म्हटलं कशाला खोडा घालायचा."

"अरेरे, माफ करा हं," क्लाइव्ह म्हणाला. दंड त्यानेच भरला आणि माफीही त्यानेच मागितली! पुढच्या आठवड्यात बँकेचं पत्र आलं, कर्ज फेडल्याबद्दल अभिनंदन करणारं. माझ्याच जातीचा कागद, पण मला तो फाडावासा वाटला.

आता मी फाइली गावच्या नव्या घरात, न्हाणीघराबाहेरच्या खोक्यात रद्दी होऊन पडलोय. तुमच्याही खणात माझा एखादा भाऊ असेल. घर विकायच्या आधी त्याला बाहेर काढा, तारीख बघा. आणि विचारायचं ते वेळेत, तोंड उघडून विचारा. समोरचाही तुमच्यासारखाच गप्प बसलेला असतो.

टब तोच आहे. दर रविवारी हेझल आईला काखेत धरून आत उतरवते. एनिड भिंतीकडे तोंड करून बसते. क्लाइव्ह दाराबाहेरून विचारतो, "पाणी बरोबर आहे ना, आई?"

पाणी गार झालेलं असतं. एनिड म्हणते, "छान आहे हो, छान."