पेटीवरचं पिल्लू

आमच्याकडे, या बेटांवर, माणूस आजाराने गेला तर शवपेटीच्या काचेवर फुलं ठेवतात. खून झाला तर कोंबडीचं पिल्लू. ते काचेवरचे तांदूळ टिपतं आणि त्याची प्रत्येक चोच खुन्याच्या काळजात लागते, असा समज आहे. शवपेट्या विकण्यात माझं आयुष्य गेलं, पण टोचणी असह्य होऊन कुणी पोलीस चौकीत हजर झाल्याचं मी अजून ऐकलेलं नाही. तरी पिल्लू लागतंच. मंडईतून ते मीच आणून देतो.

क्रिसान्तोला कालव्याकाठच्या रस्त्यावर कुणीतरी भोसकलं आणि त्याची मोटरसायकल पळवली. त्याची मुलं कॅनडात आणि दुबईत. ती येईपर्यंत घरात पेटी ठेवून जागरण चालणार होतं. तोवर बापाचा चेहरा दिसत राहावा म्हणून त्यांनी फेसबुकवर सगळं थेट दाखवायला सांगितलं. हे काम रेक्सनकडे आलं. रेक्सन मोबाइल दुरुस्त करतो, म्हणजे उघडून ठेवतो. त्याने पेटीच्या डोक्याशी फोन उभा केला. बघणाऱ्यांचा आकडा वाढू लागला, तशी स्वारी हवेत गेली.

एलिहियो हा क्रिसान्तोचा जिवाभावाचा मित्र, तीनचाकी चालवायचा. खुर्च्या मांडणं, कॉफी देणं, पत्त्यांच्या टेबलावरची भांडणं मिटवणं हे सगळं त्याने आपणहून अंगावर घेतलं होतं. लोक यायचे, पेटीपाशी रडायचे आणि शेवयांच्या ताटावर तुटून पडायचे. पिल्लाकडे कोण बघतो? तांदूळ संपले की ते बिचारं नुसती काच टोचत बसायचं. एलिहियो मात्र आपल्या ताटातला भात मुठीत घेऊन यायचा आणि पेटीच्या कडेला हात धरायचा.

तो हात फोनमध्ये दिसत नव्हता. दिसायचं एवढंच की हा माणूस जवळ आला की पिल्लू त्याच्याकडे धावत सुटतं आणि जीव खाऊन ओरडतं. रियाधमधल्या कुण्या बाईने खाली लिहिलं, “पिल्लाने ओळखलं.” झालं. रेक्सनने तेवढाच तुकडा कापला, एलिहियोभोवती लाल वर्तुळ काढलं, मागे रडकं संगीत लावलं आणि ‘न्यायाचा डोळा’ नावाचं पान उघडलं. मग एकेक पंडित जागा झाला. एकाला त्याच्या चपलेवर डाग दिसला. दुसरा म्हणाला, हा पेटीपासून लांब सरकून रडतो, म्हणजे नाटक करतो. काचेवर आसू पडला तर अपशकुन, म्हणून आम्ही सगळेच लांब सरकतो. ते लिहिणाऱ्यालाही हे लहानपणापासून माहीत असणार.

मी रेक्सनला गाठलं. “अरे गाढवा, तो भात घालतो म्हणून ओरडतंय ते.”

“मांग डेन्स्यो,” वडीलधाऱ्यांना लावायचं ‘मांग’ तेवढं तो विसरला नाही, “तुम्हाला यातलं कळत नाही. मी एकेक क्षण थांबवून पाहिलंय.”

“आणि काय दिसलं?”

“अपराधी भाव.”

“कुणाच्या तोंडावर? पिल्लाच्या?”

“हसा तुम्ही. चाळीस हजार लोक काय वेडे आहेत?”

याचं उत्तर फार सोपं होतं, म्हणून मी दिलं नाही.

खुनाच्या वेळी एलिहियो एका अडलेल्या बाईला तीनचाकीतून इस्पितळात नेत होता. पोलिसांनी हे तपासलं आणि त्याला सोडलं. रेक्सनने लगेच लिहिलं, “पोलीस विकले गेले.” तेव्हापासून एलिहियोच्या गाडीत कुणी बसेना. त्याची आई, सगळ्या गावाचीच ‘नानाय’ म्हणजे आई असलेली नानाय पुरिंग, सकाळी तांदळाचे केक विकायची. ते टोपलीत तसेच राहू लागले.

“कुया,” थोरल्या भावासारखी हाक मारत एलिहियो मला म्हणाला, “पिल्लाजवळ जायचं बंद करू का?”

“बंद केलंस तर म्हणतील, घाबरला.”

“आणि ते उपाशी राहील. त्याने काय केलंय?”

दफनाच्या सकाळी शेजारच्या गावातली टोळकी मोटरसायकलींवर आली. त्यांना त्याची ‘मुलाखत’ हवी होती. फोन उगारून ते मागे लागले, तसा एलिहियो कालव्याच्या रस्त्याने सुसाट निघाला. वळणावर तीनचाकी पाण्यात उलटली आणि तो खाली अडकून बुडाला. पाणी कमरेएवढं होतं. टोळक्याने अगदी स्पष्ट चित्रण केलं, उतरलं मात्र कुणी नाही. आजही त्या वळणावरून जाताना मला संताप येतो.

त्याच संध्याकाळी दूरच्या शहरात क्रिसान्तोची मोटरसायकल विकताना एक चोर सापडला. त्याने सगळं कबूल केलं. एलिहियोचं नावही त्याने ऐकलेलं नव्हतं. रेक्सनने लिहिलं, “न्याय मिळाला. तुमच्या प्रत्येक शेअरमुळे.” आणि खाली, “दुसऱ्या दुःखी कुटुंबाला या वेळी एकांत द्यावा.”

दुसऱ्या दिवशी सकाळी नानाय पुरिंग पेटी घ्यायला आली. पेटी ठरली आणि तिने विचारलं, “पिल्लू?”

“नानाय, पोलिसांनी अपघात लिहिलाय. अपघाताला पिल्लू ठेवत नाहीत.”

“पोलिसांना काय लिहायचं ते लिहू दे. तू पिल्लू दे.”

क्रिसान्तोच्या पेटीवरचं तेच पिल्लू माझ्या दुकानात होतं. दफनानंतर ते कुणीच नेलं नव्हतं. मी तेच ठेवलं.

दुपारी तिच्या घरी गाव लोटलं. पाव, बिस्किटं, पडलेले चेहरे. आत पाऊल टाकलं की काचेवरचं पिल्लू दिसायचं आणि माणूस दारातच अडखळायचा. त्याचा अर्थ कुणाला सांगायची गरज नव्हती. बऱ्याच जणांना एकाएकी घरची कामं आठवली. पेटीजवळ कुणी जाईना, आणि तांदूळ केव्हाच संपले होते.

मग रेक्सन आला, भांग पाडून, बिस्किटांचा डबा घेऊन. “नानाय, बाहेरदेशचे लोक फार हळहळतायत. थेट दाखवू का? पैसे नकोत मला.”

मला वाटलं, म्हातारी आता त्याच्या कानफटात देणार. ती म्हणाली, “लाव बाळा.”

त्याने फोन उभा केला, कोन नीट केला. आकडा वाढू लागला.

“आता जवळ ये,” नानाय म्हणाली. “माझ्या लेकाला बघून घे.”

रेक्सन पेटीच्या कडेला आला. जवळ येणारा माणूस म्हणजे भात, एवढंच त्या पिल्लाला ठाऊक. ते काचेवरून थेट त्याच्याकडे धावलं, मान वर केली आणि ओरडायला लागलं. रेक्सन मागे सरला, तसं ते आणखीच ओरडलं. त्याने एकदा फोनकडे पाहिलं. तोंड पांढरंफटक पडलं होतं.

“भूक लागलीय त्याला, नानाय,” तो पुटपुटला. “नुसती भूक आहे ती.”

“मला माहीत आहे,” म्हातारीने फोनकडे बोट केलं. “त्यांना सांग.”